मोठ्या डिस्कवरची शकु

६ जानेवारी, सोमवार

आज तर हद्द झाली. बटण दाबलं, चहा टाकला, चहा प्यायले, मार्कसचं ऑम्लेट केलं, पाव भाजले, भांडीसुद्धा घासून झाली — आणि कॉम्प्युटर अजून टिंबं फिरवत बसलेला! काळा पडदा, मधोमध पांढरी टिंबं. गोल गोल गोल.

मार्कस पेपरातून डोकं वर न काढता, "नवीन घे ना." नवऱ्याला काय जातंय म्हणायला. याच्यात जुनं झालंय काय? ईस्टरला ॲन्ड्रिया पुण्याहून आली होती तेव्हा तिनेच छोटी नवी डिस्क घालून दिली. विंडोज तिच्यावर. "आता बघ मम्मी, झटकन सुरू होईल." होतही होता! आधीची मोठी डिस्क आत तशीच ठेवली, गोदामासारखी. आमची सगळी रेकॉर्डिंगं तिच्यावर.

मानसीचा इतिहासाचा धडा आज वाचायचा होता, राहिला. ती दादरच्या होस्टेलमध्ये फोन हातात धरून बसली असणार. तिला दिसत नाही, ते पुस्तक ब्रेलमध्ये आलेलं नाही. म्हणजे मी वाचेन तेच तिचं पुस्तक. मार्चमध्ये परीक्षा.

खरं तर इतिहास शकुचा. सांताक्रूझच्या शाळेत आम्ही दोघी एकाच स्टाफरूममध्ये म्हाताऱ्या झालो. रिटायर झाल्यावर हे वाचनाचं खूळ तिनेच काढलं. इतिहास, नागरिकशास्त्र ती. मराठी, भूगोल मी. गणपतीनंतर तिला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तेव्हापासून इतिहासही माझ्याच गळ्यात. सनावळ्या आल्या की माझी जीभ अडखळते.

टिंबं थांबली तेव्हा भाजीवाला येऊन गेला होता.

९ जानेवारी, गुरुवार

घाटकोपरला जाऊन आले. गुरुवार शकुचा.

लवूभाऊंनी दार उघडलं. "येवा बाई, बसा. चाय ठेवलंय." मिलमध्ये आयुष्य गेलं, आता बायकोची वेणी घालायला शिकलेत. तिरकी घालतात. शकु खिडकीपाशी खुर्चीत. मला बघून चेहरा उजळला, म्हणाली, "ते!"

एवढा एकच शब्द शिल्लक आहे तिच्याकडे. चहाला ते, लवूभाऊंना ते, खिडकीतल्या कबुतरालाही ते. समजतं सगळं. मी शाळेतली एक जुनी भानगड सांगितली तर पोट धरून हसली. हसणं आहे तसंच आहे. मग काहीतरी सांगायला गेली, आणि "ते… ते… ते…" करत डावा हात मांडीवर आपटायला लागली. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

निघताना लवूभाऊ रिक्षापर्यंत आले. मी बसले तरी दांडा धरून उभेच. मग म्हणाले, "बाई, तुमच्या काम्पुटरात तिचो आवाज आसा ना? माका जरा कॅशेटीत भरून देवा."

कॅसेट! मी हसले, मग त्यांचं तोंड बघून हसू आवरलं.

"पुढच्या गुरुवारी आणते," म्हटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

'शकु' नावाचं फोल्डर उघडायला गेले. खिडकी पांढरीफटक, सगळं गोठलं. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा टिंबं. पेनड्राइव्हवर एक धडा घ्यायला लावला तर हिरवी पट्टी जराशी सरकली आणि तिथेच. वैताग!

१२ जानेवारी, रविवार

चर्चच्या मिस्सावरून आल्यावर ॲन्ड्रियाचा व्हिडिओ कॉल. फोन कॉम्प्युटरसमोर धरून उभी राहिले, हात दुखला.

"मम्मी, सुरू होताना सतरा प्रोग्राम उठून बसत असतील. ते बंद कर." बंद केले. कितीतरी होते, एकही मी बोलावलेला नव्हता! बंद करून सुरू केला. तेच. व्हायरस बघितला. नाही. विंडोजचं अपडेट राहिलं होतं, तेही केलं. तेच.

"विचित्र आहे," ॲन्ड्रिया म्हणाली. ती विचित्र म्हणते तेव्हा तिला काही सुचत नसतं. लहानपणी गणित अडलं की हेच म्हणायची.

१४ जानेवारी, मंगळवार

दुकानातला माणूस आला. बसायच्या आधीच म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल आंटी."

"म्हणजे?"

"सगळं पुसून नवीन टाकायचं. एकदम झकास चालेल."

सगळं पुसून! मी त्याच्यापुढे तिळगूळ ठेवला, चहा पाजला आणि वाटेला लावला.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळभर मोबाइलवर शोधलं. कोणाकोणाला हेच झालंय, जगभर. एकाने लिहिलं होतं — विंडोज ज्या डिस्कवर आहे ती सोडून बाकीच्या सगळ्या डिस्क सोडवा आणि मग सुरू करून बघा. ॲन्ड्रियाला विचारलं. "अगं पण मोठ्या डिस्कवर विंडोज नाहीच, तिचा काय संबंध?" मग थांबून, "बघ करून. आधी प्लग काढ!"

प्लग काढला. डबा उघडला. आत धूळ, आणि एक झुरळ, मेलेलं. मार्कसला बॅटरी धरायला उभा केला. मी डावीकडे बघतेय तर हा उजवीकडे प्रकाश पाडतोय.

"शॉक बसला तर? फादरना आत्ताच बोलावून ठेवू का?"

"तू बॅटरी नीट धर."

मोठ्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या. प्लग लावला. बटण दाबून सवयीने चहाचं आधण ठेवायला गेले. मागून मार्कस ओरडला, "अगं झाला! झाला सुरू!" पाण्यात साखरही पडली नव्हती!

मी तिथेच टाळ्या वाजवल्या. वेड्यासारख्या. मार्कसने पण. म्हटलं, सापडला चोर!

आणि मग हातातला चमचा खाली ठेवला. चोर म्हणजे ती मोठी डिस्क. म्हणजे शकु सगळी.

ॲन्ड्रियाला फोन केला. ती आता हळू बोलत होती. सुरू होताना कॉम्प्युटर आत जोडलेल्या प्रत्येक डिस्कला हाक मारतो म्हणे. आजारी डिस्क ओ देत नाही. मग तो थांबतो, पुन्हा हाक मारतो, पुन्हा थांबतो. विंडोज दुसरीकडे असलं तरी.

"पण मम्मी, नुसती केबल खराब असेल. उद्या केबल बदलून बघ."

केबलच असू दे.

१६ जानेवारी, गुरुवार

केबल नाही. नवी आणून लावली, टिंबं. बोर्डवरच्या दुसऱ्या खाचेत लावली, टिंबं. कान लावून ऐकलं — आत टक्… टक्… आणि मधेच गप्प. जिना चढताना धाप लागलेल्या माणसासारखी.

घाटकोपरला रिकाम्या हाताने गेले. लवूभाऊंनी माझ्या पर्सकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बटाटवडे गरम आसत."

१८ जानेवारी, शनिवार

मोठी डिस्क लावून सुरू केला तर विंडोज स्वतःच विचारतंय — डिस्कमध्ये चूक आहे, तपासून दुरुस्त करू का? बोट 'हो'वर गेलं होतं. नशीब, ॲन्ड्रिया फोनवर होती.

"हात लावू नकोस! दुरुस्ती म्हणजे तो ती सगळी डिस्क खरवडत बसणार. त्यातच जाईल ती. आधी कॉपी, बाकी नंतर."

तिने सांगितलं तसं — डिस्क आतून काढायची, बाहेरून लावायच्या डबीत घालायची, कॉम्प्युटर आधी नीट सुरू होऊ द्यायचा आणि मग ती यूएसबीला जोडायची. म्हणजे सुरू होताना तिची वाट बघत बसायला नको. आणि जोडल्यावर वेळ घालवायचा नाही. "जे सगळ्यात हवं ते पहिलं घे मम्मी. दुसऱ्यांदा ती बोलेल की नाही सांगता येत नाही."

ती डिस्कबद्दल बोलत होती.

आमच्या वाकोला मार्केटमध्ये डबी मिळाली.

१९ जानेवारी, रविवार

सगळ्यात हवं ते पहिलं. चर्चमध्ये बसून तेच डोक्यात. प्रवचन काय होतं, देवाला माहीत.

एका बाजूला मानसीचे धडे. सहा महिने वाचलेले, अर्धे अजून तिला पाठवायचेत, कारण मी मेली दर वेळी 'सगळं झालं की एकदम पाठवते' म्हणते. दुसऱ्या बाजूला शकु. मानसीला परीक्षा आहे. शकुचे धडे जुन्या अभ्यासक्रमाचे, आता कुणाच्या परीक्षेला नाहीत. डोक्याने विचार केला तर उत्तर सरळ आहे.

मार्कसला विचारलं. तळलेले गोड फुगे खाता खाता म्हणाला, "तुझा घसा शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग?"

आणखी एक फुगा घेतला.

२० जानेवारी, सोमवार

आधी शकु.

कॉम्प्युटर सुरू झाला. डबी जोडली. डिस्क दिसली! 'शकु'वर क्लिक केलं, सगळं निवडलं, कॉपीला लावलं. पट्टी सरकली. एक फाईल. दुसरी. मार्कस माझ्या मागे खुर्चीची पाठ धरून. तिसरी. मग टक्. टक्. टक्. आणि मग काहीच नाही. डिस्क पडद्यावरून गेली. काढून लावली, दुसऱ्या खाचेत लावली. दुपारभर थंड होऊ दिली, परत लावली. आता फिरतसुद्धा नाही.

आलेल्या तिन्ही फाईली उघडल्या. धडा एकही नाही. आम्ही माइक नवीन आणला होता तेव्हाच्या चाचण्या. एकीत नुसती खरखर. दुसरीत पंख्याचा आवाज आणि खुर्ची सरकवल्याचा. तिसरीत —

"हॅलो. हॅलो. अँजी, येतोय का गं आवाज? हॅलो. अगं हसतेस काय, सांग ना, येतोय का?"

येतोय गं.

२१ जानेवारी

लिहायला काही नाही. तेच पाच-पंचवीस वेळा ऐकलं.

२३ जानेवारी, गुरुवार

घाटकोपर. लवूभाऊंना स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, धडे गेले. त्यांनी मान हलवली. मोबाइलवर ती एकच फाईल लावली, कानाशी धरली. 'येतोय का गं आवाज' झालं, तसे ते हळूच, "होय गो, येता," म्हणाले. मग पातेल्यावर झाकण ठेवलं, उगाच, परत काढलं.

"ह्या पुरे, बाई. लय झाला ह्या."

पुरे नव्हतं. मला कळत होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मानसीला फोन करायचा धीर आज झाला. म्हटलं, तुझे पाठवायचे राहिलेले धडे गेले बाळ, पण मी परत वाचते, रोज दोन वाचेन, परीक्षेच्या आधी नक्की देते. आणि शकुबाईंचं तर सगळंच गेलं.

"सगळंच म्हणजे?"

"जुने इतिहासाचे. सगळे."

"गेले कुठे? आमच्याकडे आहेत ना."

"कुणाकडे?"

"सगळ्यांकडे!" तिला माझाच प्रश्न खुळचट वाटला. "बाई, तुम्ही अकरावीला मला पाठवलेले ना, ते मी आमच्या ग्रुपवर टाकले. तिथून कुठे कुठे गेले. सांगलीत आहेत, जालन्यात आहेत. अकोल्याची एक मुलगी आहे, तिचं बीए पण झालं, ती अजून झोपताना शकुबाईंचा धडा लावते. म्हणते, त्या रागावून वाचतात ते मला आवडतं."

मी खाली बसले. स्टुलावर भाजीची पिशवी होती, तिच्यावरच बसले. टोमॅटोची वाट लागली.

"बाई? आहात ना?"

२६ जानेवारी, रविवार

येतायत! मानसीने तिच्या ग्रुपवर सांगितलं, आणि कालपासून माझ्या फोनवर रांग लागलीय. ज्यांना मी ओळखत नाही अशी मुलं. "नमस्कार बाई, माझ्याकडे नागरिकशास्त्राचे आहेत." "बाई, हा थोडा कापला गेलाय, दुसऱ्याकडून मिळवतो." "शकुबाई बऱ्या आहेत का?" एकाने धड्याबरोबर स्वतःचा आवाज पाठवला — शकुची नक्कल! 'लक्ष आहे का इकडे?' अगदी तिच्याच सुरात. धड्याच्या मधेच ती असं विचारायची, समोर कुणी नसताना. हे काढून टाक म्हणून मी तिच्याशी भांडले होते. तिने काढलं नाही, बरं झालं.

मार्कस एकेक धडा लावून बसलाय. "बाई कडक होती हां," म्हणतो.

"आहे," मी म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

ॲन्ड्रियाने पाठवलेली नवी मोठी डिस्क आली. बसवली, माझी मीच. मार्कसने बॅटरी बरोब्बर जागी धरली. सगळं दोन ठिकाणी ठेवलंय आता, ॲन्ड्रियाकडे तिसरं. कॉम्प्युटर इतका लवकर सुरू होतो की चहा प्यायचाच राहतो.

मानसीचे दोन धडे वाचून लगेच पाठवले. साठवायचं खूळ संपलं.

३० जानेवारी, गुरुवार

जे व्हायला नको होतं ते झालं.

मी मोठ्या हौसेने गेले. लवूभाऊंच्या मोबाइलमध्ये धडे भरून दिले. छोटा स्पीकर नेला होता. शकुच्या समोर ठेवला, म्हटलं, बघ कोण आलंय. आणि लावला. तिचा आवाज खोलीभर. खणखणीत, भरभर, एकही अडखळ नाही. लवूभाऊ दाराला टेकून उभे, डोळे मिटलेले.

शकुने ऐकलं. मानही हलवली एकदा. मग चेहरा बदलायला लागला. डावा हात पुढे आला, स्पीकर ढकलला. तो खाली पडला, तरी वाचतच होता! मी धावत बंद केला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी जाईपर्यंत इकडे केलं नाही. "ते"सुद्धा म्हणाली नाही.

"ऱ्हवांदे, बाई," लवूभाऊ म्हणाले. "तुमचो काय दोष नाय."

नसेल. पण आम्ही सगळे तिचा आवाज शोधत फिरत होतो, आणि तिला हवाय का हे तिला कुणी विचारलंच नाही. तिला काय वाटलं असेल — जी गेली तिचंच सगळ्यांना कौतुक, आणि ही बसलीय खुर्चीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

मानसीचा धडा. दोनदा चुकले, तसाच पाठवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लवूभाऊंचा फोन. ते कधी फोन करत नाहीत, मी आधीच विचारलं, शकु बरी आहे ना?

"तसा काय नाय, बाई. ऐका. मी रांदताना कानात ता वायर घालून तिचा आयकतंय, रोज. तिका कळूचा नाय म्हणान. आज ती उठली, काठी घेवन इली माझ्या मागे. माझ्या कानातला काढल्यान आणि आपल्या कानात घातल्यान."

"मग?"

"मगे काय. उभी ऱ्हवली. माझो भात करपलो."

६ फेब्रुवारी, गुरुवार

गेले, पण स्पीकर नाही नेला, विषय नाही काढला. मला बघून "ते!" म्हणाली, नेहमीसारखी. मी तिची वेणी सोडून सरळ घातली. मानसीच्या मित्रमैत्रिणींचं सांगितलं — सांगली, जालना, अकोल्याची मुलगी. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हाताने खूण — अजून सांग. परत सांगितलं. परत खूण.

नक्कल करणाऱ्या मुलाचा आवाज तेवढा ऐकवला, घाबरत घाबरत. शकु इतकी हसली की लवूभाऊ धावत आले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी जायच्या आधीच ती दोघं आली. घाटकोपरहून वाकोल्यापर्यंत रिक्षाने! लवूभाऊ म्हणाले, "सकाळपासून चपला दाखवता." शकु कुणाचा हात न धरता कॉम्प्युटरपाशी गेली, माझ्या खुर्चीत बसली आणि डाव्या हाताने माइक स्वतःकडे ओढला. ओठ हलत होते. घाम आला तिला. मार्कसने पंखा लावला, मी बंद केला. मग —

"धडा."

आम्ही तिघं जागच्या जागी.

"प… पहिला."

रेकॉर्डचं बटण मी दाबलंच नव्हतं! राहू दे.